शिकवणीच्या जिन्यापाशी

आमच्या लातूरच्या गल्लीतले ते गृहस्थ कुठंही गेले की आधी छताकडं बघायचे, मग माणसांकडं. कोळशाच्या खाणीत त्यांनी सर्व्हेअर म्हणून नोकरी केली होती. "जुन्या खाणीत पाणी साचलेलं असतंय," ते एकदा मला म्हणाले. "नव्या खोदकामापासनं ते किती लांब हाय, ते नकाशात म्या दाखवायचं. नकाशा चुकला की माणसं गेली."

भूकंपानंतर शिकवणीच्या सरांनी त्यांना इमारतीच्या भेगा दाखवल्या. त्यांनी दिवसभर मोजमाप घेतलं आणि सही करून लिहून दिलं, 'इथं पोरं बसवू नका.' सरांनी भेगा बुजवून वरून रंग दिला आणि वर्ग सुरू केले.

तेव्हापासून ते रोज जिन्यापाशी बाकावर बसायचे. वर जाणारी पोरं मोजायचे, उतरताना पुन्हा मोजायचे. माझी मुलगीही त्यांच्यात होती.

"म्या काय लिहून दिलं, ठाव हाय न्हवं तुमाला?" एकदा त्यांनी विचारलं.

"हाव काका. पण बारावीचं वरीस हाय. असे सर दुसरीकडं न्हाईत."

सरकून त्यांनी मला जागा दिली. वर्ग सुटेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. मुलीला बोलवायला मी वर गेलो नाही.