लान-ताईचा फेऱ्यांचा पास

एक भांडण लान-ताईच्या कानात कायमचं घर करून बसलं होतं. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. ग्वांगजौजवळच्या सेक-चुंग गावात, खाडीच्या चिखलात पुरून ठेवलेली ड्रॅगनच्या तोंडाची लांब नाव शर्यतीच्या सणासाठी वर काढत होते. चिखलात राहिली की लाकूड तडकत नाही, म्हणून वर्षभर ती तिथंच झोपलेली असते. आई पुरुषमंडळींना चहा द्यायला गेली, घसरली, आणि पडता पडता तिनं नावेच्या कडेला हात टेकला. झालं! मोठ्या काकानं घरी येऊन आकाशपाताळ एक केलं.

"बाईचा हात लागला! आता यंदा नाव हरणार!"

आई तशी शब्दाला महाग बाई. पण त्या दिवशी तिनं हातातलं भाताचं पातेलं दाणकन खाली ठेवलं. "माझा हात लागला की नाव बाटते, आणि माझ्या हातचा भात खाऊन तुम्ही वल्ही मारता तेव्हा नाही बाटत ती? उद्यापासून तुमचं तुम्ही शिजवा."

लान-ताईचे वडील त्या नावेवर ढोल वाजवायचे. ते कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसले, पण बायकोची बाजू घ्यायला काही उठले नाहीत. चुलीमागे बसलेल्या पोरीनं दोन्ही गोष्टी पाहून ठेवल्या.

पुढं ही पोर, युक-लान, लग्न होऊन हाँगकाँगला आली. आधी प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात राबली, मग तिथल्या शाम-शुई-पो भागातल्या एका चहाघरात तीस वर्षं भांडी घासली. तिचे दंड असे झाले की कपबशांचा ढीग ती एका हातानं उचलायची आणि दुसऱ्या हातानं माशी मारायची. नवरा माक शेक-होय लाल मिनीबस चालवायचा. गल्लीत सगळे तिला लान-ताई म्हणायचे आणि त्याला माकबुवा. दोघांची एकच मुलगी, यान. ती नोकरीला लागली, लग्न झालं, आणि म्हातारा-म्हातारी दोन खोल्यांत एकमेकांना टोमणे मारायला मोकळी झाली.

आणि मग गावानं ठरवलं की यंदा एक नाव लेकींची. लग्न होऊन बाहेर गेलेल्या माहेरवाशिणी ती वल्हवणार. आता हे गावाला साठ वर्षांनी का सुचलं, ते विचारू नका. पोरं सगळी शहरात, वल्ह्याला हात कमी पडत होते, एवढं मला कळतं. लेकींचा मोबाइलवर गट झाला. ढोल कुणी वाजवायचा असा प्रश्न निघाला तेव्हा लान-ताईनं लिहिलं, "मी." बाकी काही लिहिलं नाही. लिहायचा तिला कंटाळा, आणि अक्षरंही फार येत नव्हती.

नावेचा कारभार आता बिंग-दादाकडे होता. त्याच मोठ्या काकाचा हा मुलगा. त्यानं फोन केला.

"लान, ढोल म्हणजे भांडी बडवणं नव्हे गं. पन्नास बायकांची वल्ही तुझ्या एका हातावर पडणार. सरावाला यायला लागेल. हाँगकाँगवरून येणार कशी?"

"गाडीनं, दादा. चालत कशाला येऊ?"

"सणाआधी गावची जाणती मंडळी एकदा बघणार. ताल जमला तर ढोल तुझा. नाही जमला तर माझा धाकटा वाजवेल आणि तुम्ही काठाला बांधलेल्या नावेत बसून फोटो काढा. आणि त्या दिवशी तू आली नाहीस, तरी तेच."

लान-ताईनं फोन ठेवला आणि त्या रात्री तिला भात गेला नाही.

सीमेपलीकडे जायची बस होती, पण बसमध्ये बसली की लान-ताईचं पोट ढवळायचं. माकबुवा याच्यावर चाळीस वर्षं हसत आला होता. "मिनीबसवाल्याशी लग्न केलं आणि बसमध्ये ओकते! देवानं जोडी बघून लावली." वेगाची रेल्वेगाडी मात्र तिला मानवायची. तासाभरात ग्वांगजौ, पोटातलं पाणी हलत नाही. याननं आईच्या ओळखपत्रावर फेऱ्यांचा पास काढून दिला. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या फेऱ्या, तिकिटाच्या रांगेला रामराम.

"पण आई, नीट ऐक. पास म्हणजे जागा नव्हे. प्रत्येक फेरीला आधी फोनवर जागा धरायची, मगच जायचं."

"जागा धरायला मला शिकवतेस?" लान-ताई म्हणाली.

आता आमच्याकडे जागा धरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं का? गर्दीच्या चहाघरात शिरलं की आधी टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट टाकायचं, मग ताट आणायला जायचं. पाकीट पडलं की टेबल आपलं, मग राजा येवो की हवालदार. दोन टेबलं आवडली तर दोन पाकिटं टाकायची. नको असलेलं नंतर उचलायचं, विसरलं तरी कुणाचं काय जातं? लान-ताईनं गाडीलाही तोच न्याय लावला. सकाळच्या गाडीत जागा धरली, दुपारच्या गाडीतही धरली. जी सोयीची पडेल तिनं गेली, दुसरी तशीच सोडून दिली. सणाच्या आठवड्यात गर्दी होणार म्हणून त्या आठवड्यातली रोजची जाण्याची एक आणि येण्याची एक जागा तिनं आधीच धरून टाकली. मनात म्हणाली, आता कोण उठवतंय मला!

सण आठवड्यावर आला तेव्हा यान घरी आली, आईचा फोन बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई! हे काय केलंस? जागा धरून गेलं नाही की ते मोजलं जातं. तुझ्या अशा इतक्या फेऱ्या झाल्यात की आता आणखी एकदा चुकलीस तर पास बंद!"

"बंद म्हणजे?"

"म्हणजे उरलेल्या फेऱ्या गेल्या. आणि सणाच्या आठवड्यात साधं तिकीटसुद्धा मिळायचं नाही, सगळ्या गाड्या भरल्यात."

माकबुवा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "चहाघरातली मालकीण बरी. ती फक्त पाकीट फेकून देते."

"तुम्ही गप्प बसा हो बाबा! आई, नको असलेल्या फेऱ्या आत्ताच रद्द करूया."

लान-ताईनं फोन छातीशी धरला. "कुठली नको आहे ते मला ठाऊक असतं तर! मंडळी कुठल्या दिवशी बघणार ते खाडीचं पाणी ठरवतं. भरतीचा अंदाज घेऊन बिंग-दादा आदल्या संध्याकाळी कळवणार. आज रद्द केलेली जागा मला तेव्हा कोण देणार?"

यान भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजायला लागली.

लान-ताईनं खिडकीबाहेर वाळत घातलेले पायजमे आत ओढले. मग म्हणाली, "ठीक आहे. जिथं जिथं पाकीट टाकलंय तिथं तिथं जाऊन बसते. रोज जाते, रोज येते."

"रोज?" माकबुवानं वर्तमानपत्र खाली केलं. "आणि माझं जेवण?"

"तुला हात आहेत की नाहीत, म्हाताऱ्या? चाळीस वर्षं चाक फिरवलंस, आता डाव फिरव."

आणि ती रोज गेली. पहिल्या दिवशी सरावच नव्हता, खाडीत घोट्याएवढं पाणी. लान-ताई ढोलाशी जाऊन एकटीच वाजवत बसली. आवाज ऐकून सणाला माहेरी आलेली तिची चुलतबहीण फुंग घराबाहेर आली. "लान, एवढ्या लांबून आलीस आणि पाणी नाही?" "पाणी नसलं म्हणून काय झालं, ढोल तर आहे." फुंग माहेरी आलेल्या आणखी दोघींना घेऊन आली. दुसऱ्या दिवशी बारा बायका, तिसऱ्या दिवशी तीस. बायका ठेंगण्या स्टुलांवर दोन रांगांनी बसायच्या, हातात झाडू नाहीतर बांबू, आणि कोरड्या अंगणात वल्ही मारायच्या. पोरं हसून लोळायची. लान-ताई ढोलावरूनच ओरडायची, "फुंग, तू वल्हवतेस की केर काढतेस?" "केरच काढते, सवय आहे!" पण चौथ्या दिवशी पन्नास जणींचे झाडू एका वेळी वर आणि एका वेळी खाली जायला लागले, आणि हसणारी पोरं ठोके मोजायला लागली.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत बिंग-दादाचा फोन आला. "उद्या दुपारी भरती चांगली आहे. मंडळी येणार. ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी लान-ताई पिशवी उचलायला गेली आणि घरभर धूर. माकबुवानं आयुष्यात पहिल्यांदा पेज चढवली होती आणि चढवून घोड्यांच्या शर्यतीचा निकाल बघत बसला होता. पातेलं काळं ठिक्कर, शेजारीण दार ठोठावतेय, कुणीतरी अग्निशमन दलाला फोन करायला निघालेलं. गॅस बंद करून, खिडक्या उघडून, शेजारणीला शांत करेपर्यंत घड्याळ पुढं सरकलं. आमच्या स्टेशनात सीमेची तपासणी आतच होते, म्हणून गाडी सुटायच्या बऱ्याच आधी फाटक बंद करतात. त्यात भुयारी रेल्वे खोळंबल्याची बातमी, आणि टॅक्सी एकही दिसेना.

लान-ताई रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलं रे. पासही गेला आणि ढोलही गेला."

माकबुवा अंगात बनियन, पायात चपला, अशा थाटात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि समोरून येणारी लाल मिनीबस त्यानं दोन्ही हातांनी अडवली. चालक त्याचाच जुना चेला निघाला.

"बुवा, मरायचंय का?"

"स्टेशनात घे! हिला ढोल वाजवायला जायचंय!"

"ही गाडी मोंगकॉकला चाललीय, बुवा!"

"लाल गाडीला कधीपासून रस्ता ठरलेला असतो रे? मी शिकवलं ते विसरलास?"

आतल्या प्रवाशांत एकच गलका झाला. एक टायवाला म्हणाला, मला कामावर उशीर होईल. मागच्या बाकावरच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाई कडाडल्या, "अरे, बाई माहेरची नाव हाकायला निघालीय आणि तुला हजेरीची पडलीय? घे रे गाडी!" गाडी वळली. माकबुवा चालकाच्या मानेशी वाकून, कुठून डावीकडे, कुठल्या बोळातून, ते सांगत राहिला. लान-ताई डोळे मिटून, तोंडाला पदरासारखा रुमाल दाबून बसली होती. स्टेशनाच्या दारात उतरली आणि कडेच्या झाडाच्या कुंडीत जे व्हायचं ते झालं.

"पळ!" माकबुवा ओरडला. "नंतर ओक!"

ती पळाली. फाटकापाशी माणूस साखळी लावायच्या बेतात होता. लान-ताईनं ओळखपत्र टेकवलं, हिरवा दिवा लागला. गाडीत आपल्या जागेवर बसल्यावर तिला कळलं की ढोलाच्या काठ्या हातातच घट्ट धरलेल्या आहेत.

दुपारी खाडी तुडुंब होती. काठावर मंडळी खुर्च्या टाकून बसलेली, बिंग-दादा मध्ये, हातांची घडी घालून. पन्नास बायका नावेत चढल्या. लान-ताई मधोमध ढोलामागे बसली, एकदा श्वास घेतला आणि काठी घातली. पहिल्या ठोक्याला पन्नास वल्ही पाण्यात गेली. दुसऱ्या ठोक्याला नाव पुढं झेपावली. कोरड्या अंगणात झाडू मारून मारून त्या बायकांच्या अंगात ताल असा भिनला होता की लान-ताईनं मुद्दाम ठोका लांबवला तरी वल्ही हवेत थांबली, आणि ठोका पडला तशी एकदम कोसळली. खाडीच्या वळणापर्यंत जाऊन नाव परत आली.

मग बिंग-दादा उठला. धाकट्याकडे वळून म्हणाला, "तू जेवणाची कालवं भाजायला जा." आणि लान-ताईकडे बघून, "सणाला सकाळी लवकर ये."

"पोटात काही नसेल माझ्या," लान-ताई म्हणाली, "जेवायला वाढून ठेवा."

सणाच्या दिवशी लेकींची नाव तीन गावांना भेट देऊन आली. प्रत्येक गावात फटाक्यांच्या माळा सुटल्या, काठावरच्या म्हाताऱ्या बायका नावेच्या बरोबरीनं धावत होत्या. शेजारच्या गावच्या पुरुषांनी गंमत म्हणून आपली नाव बाजूला लावली आणि शर्यत करून बघितली. वळणापाशी लेकींच्या नावेचं ड्रॅगनचं तोंड त्यांच्यापुढं हातभर होतं. पुरुष म्हणाले, वारा आमच्या विरुद्ध होता. फुंग म्हणाली, "एकाच खाडीत दोन वारे!" त्या रात्री गावजेवणाला बिंग-दादानं लान-ताईला मंडळींच्या टेबलावर बसवलं आणि बदकाची तंगडी स्वतः तिच्या वाडग्यात टाकली. तिनं ती सगळ्यांसमोर, सावकाश, हाडापर्यंत खाल्ली.

सण संपला. पासात एक जाणं आणि एक येणं उरलं होतं. नाव परत चिखलात पुरायच्या दिवशी लान-ताई सकाळच्या गाडीनं गेली, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून बाकीच्यांबरोबर खाडीत उतरली, नाव दाबून बसवली, वर चिखल ओढला. मग नळावर पाय धुतले, संध्याकाळच्या गाडीनं परत आली आणि नेहमीसारखी घराच्या वाटेवर बाजारात थांबली. पालेभाजी घेतली, आल्याचा तुकडा घेतला. भाजीवाल्यानं भाजीबरोबर फुकट द्यायची कांद्याची पात घालायला विसरल्यासारखं केलं. लान-ताईनं पिशवी तशीच उघडी धरून ठेवली, तो हसला, दोन काड्या टाकल्या, आणि ती जेवण करायला घरी गेली.