तुलनेसाठी रक्त

म्हैसूरच्या एका इस्पितळात मी संशोधनासाठी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचं रक्त गोळा करायचो. फुफ्फुसांना एकाएकी गंभीर इजा झाली की रक्तातले मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांच्या कामाला आवर घालणारे बारीक रेणू, कमीजास्त होतात. ते कसे, हे आम्ही पाहत होतो.

एका गृहस्थांची बायको न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर होती. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. मी पुढे केलेल्या संमतिपत्राची तिन्ही पानं त्यांनी वाचली.

"ह्यानं ती बरी होईल काय?"

"नाही. झालाच तर पुढच्या पेशंटांना उपयोग होईल."

"परवागिल्ला," म्हणाले. हरकत नाही. सावकाश सही केली.

पाचव्या दिवशी बाई गेल्या. आठवड्याभराने गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारात उभे.

"तिचं रक्त टाकलं काय, सार?"

"नाही. निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून बघायचंय. बाईंच्या वयाची माणसं अजून मिळाली नाहीत."

त्यांनी शर्टाची बाही वर सारली. "मग माझं घ्या."

रीतसर तपासणी झाली, सही झाली, मी सुई टोचली. ते भरत चाललेल्या नळीकडे टक लावून पाहत होते.

"चाळीस वर्षं एकाच चुलीवरचं खाल्लं आम्ही," ते म्हणाले. "फार फरक सापडायचा नाही बघा."

फरक बराच निघाला. आम्हाला तोच हवा होता. त्यांना कळवायचं मात्र मी टाळलं.