दादाचं विमान

रंगारी माणूस हौशी, पण हट्टी. जन्मभर मोटारींना रंग मारला, आणि हातातलं काम सुटल्यावर स्वस्थ बसायचं सोडून जुनी विमानं जपणाऱ्या मंडळात फुकट राबायला लागला. घराच्या भिंतींचे पोपडे निघालेत, ते कुणी बघायचं, असं बायको विचारायची. हा काणाडोळा करायचा. कारण मंडळाने भंगारातून सोडवून आणलेलं विमान दादाचं होतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, तरुणपणी त्या विमानाचा मेकॅनिक. त्या जातीच्या नव्हे, त्याच विमानाचा.

अलीकडे दादाला विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग नातवंडांची नावं. वहिनी काकुळतीला येऊन सांगायची, भावजी, थोडंफार कळतंय तोवर एकदा नेऊन दाखवा हो. मंडळातले म्हातारेही तेच म्हणत. पण हा कसला ऐकतोय! असल्या फाटक्या अवतारात दादाला विमान दाखवायचं? छे! आधी झकास सजवू, मग बघा त्याचा चेहरा कसा खुलतो. घासलं, खाचाखोचांत लांबी भरली, पुन्हा घासलं; कुठे खरखर म्हणून उरू दिली नाही बहाद्दराने. आणि तिकडे दादा रोज थोडा थोडा हातचा जात होता.

अखेर रंग वाळला. रंगाऱ्याने दादाला हाताला धरून शेडमध्ये आणलं. दादाने विमानाभोवती एक फेरी मारली आणि परक्यासारखा बाजूला उभा राहिला.

"छान आहे. कुणाचं?"

"अरे दादा, तुझंच की."

दादा हसला. लहान भावाची समजूत घालावी तसं म्हणाला, "नाही रे. आमच्याच्या पोटाला ठिगळ होतं. मीच मारलेलं. घाईत वाकडं बसलं, म्हणून सगळे मला चिडवायचे."

तरी तो वाकला, पंखाखाली शिरला आणि पोटाच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिला. हाताला काहीच लागेना.

ते वाकडं ठिगळ रंगाऱ्यानेच उचकटलं होतं. कुण्या गाढवाचं काम हे, असं चारचौघांत हसून भंगारात फेकलं होतं आणि तिथे नवा पत्रा बसवला होता. भंगारवाला केव्हाच येऊन गेला होता. वहिनीचं ऐकलं असतं तर, वहिनीचं ऐकलं असतं तर, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

दादाने हात मागे घेतला, रुमालाने पुसला.

"चल, निघू या," तो हळूच म्हणाला. "ज्यांचं आहे ते येतील, रागावतील."