यंत्र आणून दिलंय ना!

आमच्या स्वयंपाकघरात जो माळा आहे ना, तो पाण्याचं पिंप ठेवायला बांधून घेतला होता. आज तिथे पिंप सोडा, पापडाचा डबा ठेवायला जागा नाही. सगळी यंत्रं! दिवाळीच्या साफसफाईला वर चढावं तर एकेक खोकं खाली येतं आणि त्याच्या मागोमाग त्याचा किस्सा. डबा खाताना मी सांगायला लागले की तुम्ही सगळ्या हसता. हसा! मला मात्र अजून संताप येतो.

आम्ही मुलुंडला, ईस्टला. दुसरा मजला. घरात आमचे हे, मी, दोन पोरं आणि सासूबाई. हे भांडुपच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात. माझं ऑफिस फोर्टात, हे तुम्हाला काय सांगायचं! सकाळी आठच्या आत चार डबे भरून, सासूबाईंचं झाकून ठेवून बाहेर पडायचं. आणि घर पडलं मालवणी. नारळ खवल्याशिवाय आमच्याकडे साधी भाजी होत नाही.

सासूबाई होत्या तोवर चिंता नव्हती. म्हणजे आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत. पण एका वर्षी त्यांच्या मनगटांना संधिवाताने धरलं आणि डॉक्टरांनी विळीला हात लावायचा नाही म्हणून दम दिला. सगळं माझ्या अंगावर आलं. तेव्हा मी ह्यांना अगदी गोड आवाजात म्हटलं, "अहो, सकाळी अर्धा तास जरा हाताखाली या. कांदा चिरा, नारळ खवा. एवढंच मागते."

"बघतो काहीतरी," हे म्हणाले.

आणि बघितलं! संध्याकाळी येताना स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून एक खोकं घेऊन आले. मी दोन हात मागितले होते हो, ह्या माणसाने खोकं आणलं!

* * *

त्या खोक्यात होता कांदा चिरायचा डबा. तुम्ही पाहिला असेल. प्लॅस्टिकचा गोल डबा, वर दांडा, आत स्प्रिंग आणि नागमोडी पातं. कांदा आत ठेवायचा आणि दांड्यावर दणादण मारायचं.

रविवारी सकाळी समारंभ झाला. ह्यांनी बाह्या वर केल्या, आम्हा सगळ्यांना ओट्यापाशी उभं केलं आणि मारायला सुरुवात केली. धाड धाड धाड! खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, "काय फरशी बदलताय का?" म्हणून विचारायला. झाकण उघडलं तर आत कांद्याचा लगदा, आणि वर पाणी सुटलेलं.

सासूबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. म्हणाल्या, "हिणा कांदो चिरूक सांगितल्यान, तू वाटून ठेवलंस."

तेवढंही मी चालवून घेतलं. पण मग त्या डब्याचे भाग सुटे झाले. पातं वेगळं, स्प्रिंग वेगळी, दांडा वेगळा, आणि पात्याच्या प्रत्येक वळणात कांदा अडकलेला. सुईने कोरून काढावा लागला! हे तोपर्यंत हात पुसून पेपर वाचायला बसलेले.

"अहो, धुवायचं कोणी?"

"धुणं हा वेगळा विषय आहे," हे म्हणाले.

वेगळा विषय! सोमवारी सकाळी मी आपली विळीवर. आणि कांदा मागितला की उत्तर ठरलेलं, "यंत्र आणून दिलंय ना तुला!"

* * *

मग आली दुधाची चकती.

ही एक जाड काचेची ताटली असते. दुधाच्या पातेल्यात तळाला टाकून ठेवायची. दूध उकळायला लागलं की ती खडखड वाजते, आपण धावत जाऊन गॅस बंद करायचा. कल्पना वाईट नाही, मी नाही म्हणत नाही. मला आनंदच झाला. म्हटलं, चला, निदान दुधावर तरी कोणी लक्ष ठेवेल.

मी आंघोळीला गेले. हे गॅसपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. तेवढ्यात आतून मला ऐकू आली खडखड. आणि पाठोपाठ ह्यांचा आवाज, "अगं एऽऽ! वाजतंय हां!"

मला वाटलं, सांगतायत म्हणजे बंद करतच असतील. पुन्हा हाक, "अगं, जोरात वाजतंय!" आणि मग ते एकदम वाजायचं थांबलं.

ओली बाहेर आले तर काय! अख्खं दूध ओट्यावरून खाली, बर्नर विझलेला, खोलीभर गॅसचा वास, आणि हे पाय वर घेऊन बसलेले. का, तर पायाला दूध लागू नये म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी गॅसचं बटण बंद केलं, खिडकी उघडली, मग तोंड उघडलं.

"अहो, समोर बसलात, हात लांब केला असता तर बटण बंद झालं असतं!"

हे शांतपणे म्हणाले, "त्याचं काम वाजायचं, ते वाजलं. मी तुला दोनदा सांगितलं. चूक नक्की कुठे झाली?"

कपाळ माझं!

* * *

करंजीचा साचा मात्र मीच आणायला सांगितला होता, हे मान्य. दिवाळीत ऑफिस सांभाळून एवढ्या करंज्या हाताने मुरडायच्या कधी? ह्यांनी आणला. अॅल्युमिनियमचा, बिजागरीचा, पुस्तकासारखा मिटणारा. मी म्हटलं, आता मी लाटते, सारण भरते, तुम्ही नुसता दाबा.

तर हे उठले आणि बॅगेतून व्हर्नियर कॅलिपर काढून घेऊन आले! कंपनीत लोखंडी पार्टचं माप घ्यायचं ते. माझ्या तळलेल्या करंज्या ताटात ओळीने मांडल्या आणि एकेकीची जाडी मोजत बसले. मी तेलापुढे घामाघूम, आणि हे मागून मला रिपोर्ट देतायत, "ही चालेल. ही बाद. ही एका बाजूला फुगलीय. तुझ्या करंज्या टॉलरन्समध्ये नाहीत गं!"

मी झारा उगारला होता, देवाशप्पथ. पण त्याआधी सासूबाईच बोलल्या, "रे परभाकरा, तू करंजी खातलंस काय मोजतलंस?"

"एक मिनिट आये," हे म्हणाले. दाबली मात्र एकही नाही.

* * *

आता तुम्ही म्हणाल, माणूस आळशी असेल. छे! हाच तर राग आहे माझा. आळशी असता तर मी हात टेकले असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय वाण द्यावं ह्याचा मी विचार करत होते, तर हे कुठूनतरी घाऊक भावात लिंबू पिळायचे चिमटे घेऊन आले. मी अख्ख्या बिल्डिंगला वाटले. आणि रथसप्तमीच्या आत सगळ्यांच्या चिमट्यांची खीळ निसटली! इतकी लाज वाटली मला. कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

पण हे खूश! रविवारी दारात खुर्ची टाकून, पक्कड, हातोडी घेऊन बसले. बायका आपापला चिमटा घेऊन यायच्या. "वहिनी, लिंबूही आणा, टेस्ट करून देतो!" प्रत्येकीचं लिंबू ह्यांनी स्वतः पिळून दिलं, बिया काढून दिल्या. समोरच्या दारातली सुलू तर लिंबांची पिशवीच घेऊन आली. वर्षाचं सरबत करून गेली बया! जाताना मला म्हणते कशी, "नशीब लागतं गं असा नवरा मिळायला!"

संध्याकाळी मी आमचा चिमटा पुढे केला. त्याचीही खीळ गेलेली.

"आपला काय, घरातलाच आहे," हे म्हणाले, "कधीही करू."

तो अजून माळ्यावर आहे. बिनखिळीचा.

* * *

आणि मग आली खवणी.

घाटकोपरला प्रदर्शन होतं, तिथून आणली. खाली रबरी बूड, ते ओट्याला चिकटतं. बाजूला हँडल. नारळाची वाटी एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं, बर्फासारखं पांढरंशुभ्र खोबरं ताटात पडतं. खरं सांगते, पहिलं यंत्र जे चाललं! सासूबाईंनी स्वतः फिरवून पाहिलं, पण मनगट दुखलं आणि सोडून दिलं. मी मनात म्हटलं, असू दे. हे फिरवतील. एवढं झकास चालतंय तर ह्यांनाच हौस वाटेल.

वाटली ना हौस! पहिल्या दिवशी सुलू बघायला आली. ह्यांनी तिला अख्खा नारळ खवून दाखवला. दुसऱ्या दिवशी सुलू पुन्हा आली, म्हणे, "भावजी, ते हँडल कुठल्या बाजूने फिरवायचं, काल नीट कळलं नाही." आणि पदराआड स्वतःचा नारळ! मग तिसऱ्या मजल्यावरची आली. मग खालची आली. रोज सकाळी सातला बेल वाजायची, "खवणी बघायची होती," आणि हातात नारळाची वाटी. हे लगेच उठायचे. दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून उठायचे! काठाकाठाने कसं खवायचं, काळी पाठ कशी येऊ द्यायची नाही, सगळं समजावून सांगायचे, आणि खोबऱ्याचा डबा त्यांच्या हातात द्यायचे. अख्ख्या बिल्डिंगला सोलकढी ह्यांच्या जिवावर!

आणि मी? मी तिथेच, त्याच ओट्याखाली, जमिनीवर विळी घेऊन नारळ खवत बसलेली. का, तर यंत्र रिकामं नाही!

एके दिवशी मी विळी आपटली. "अहो, ह्या बायकांचं झालं की आपली एवढी एक वाटी खवा ना! मला उशीर होतोय!"

"अगं, तू पाहिलीयस की चालताना," हे म्हणाले. खरंच आश्चर्य वाटलं होतं ह्यांना. "तुला काय दाखवायचं?"

त्या दिवशी मी डब्याला नुसती चटणी दिली आणि तडक ऑफिसला निघाले. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लवकर उठल्या. बाहेर जायचं लुगडं नेसल्या, केस विंचरले. मला वाटलं, देवळात निघाल्या. ओट्यावर मी नारळ फोडून ठेवला होता. त्यातली एक वाटी त्यांनी उचलली, पदराआड धरली, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

आणि बेल वाजली.

हे पेपर टाकून उठले, दार उघडलं. बाहेर सासूबाई, दोन पावलं मागे सरून, परक्या घरी आल्यासारख्या उभ्या.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "मी शेजारसून इलंय. तुमच्याकडे नवी खवणी इली हा म्हणतत. जरा चालवन दाखवशात काय?"

"आये, काय गे ह्या!"

सासूबाई हलल्या नाहीत. वाटी पुढे धरून तशाच उभ्या.

मी गॅस बारीक केला. ओट्यावरची दुसरी वाटी घेतली, चपला घातल्या, ह्यांच्या बाजूने वाट काढून बाहेर गेले आणि सासूबाईंच्या मागे उभी राहिले.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सुलू! हातात नारळ. आम्हाला पाहून जरा थबकली, मग नेहमीसारखी हसत पुढे घुसायला लागली.

सासूबाईंनी दुखरा हात तिच्या आडवा धरला.

"लायनीत ये गो बाय. आमी आधी इलंव."