संघपालने भावनाला गाडी शिकवली

हिंगण्याच्या कारखान्यात लेथ मशीन चालवणाऱ्या संघपालची लघवी वर्षभर अडखळत होती. मग गड्याने काय करावं? पाणी पिणंच सोडलं, तेही नागपूरच्या मे महिन्यात! शेवटी बायकोने, भावनाने, त्याला ओढतच धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत प्रोस्टेटजवळ नारळाएवढी गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता.

संघपालने मनातल्या मनात कॅन्सर पक्का केला आणि रोज संध्याकाळी भावनाला मोटरसायकल शिकवायला लागला.

"या वयात काहून शिकवून राहिले जी?"

"उद्या मी नसलो तर? क्लच हळू सोड वं!"

भावना रडत रडतच तिसऱ्या गिअरपर्यंत पोचली.

रिपोर्ट पाहून डॉक्टर हसले. "कॅन्सर नाही. पाण्याच्या पिशव्यांची साधी गाठ आहे, फार क्वचित होते. ऑपरेशन करून काढू." आणि काढली.

दोन महिन्यांनी तपासणी करून निघताना संघपालने भावनाकडे गाडीची चावी मागितली.

"चुपचाप मागं बसा. शिकवली काहून मंग?"

तो मागे बसला आणि अख्खी बाटली पाणी प्यायला. प्रताप नगर येताच ओरडला, "गाडी थांबव वं, मले जोरात लागली!"

भावनाने इतक्या आनंदाने ब्रेक मारला, की क्लच दाबायचाच राहिला.