दोन पंखे आणि बाबा
नव्या पंख्याचं खोकं उघडलं की येणारा रबर-प्लॅस्टिकचा वास मला थेट कांदिवलीच्या आमच्या खोलीत नेतो. मे महिन्याची दुपार होती. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी मी दोन पंखे आणले होते आणि कोणता जास्त थंड ठेवतो, कोणता कमी आवाज करतो, ते मोजत बसलो होतो. आवाज मोजायला शांतता हवी, म्हणून छताचा पंखा बंद करून खिडक्या लावून घेतल्या. कॉटवर माझे दमेकरी वडील बसले होते. मोबाइलवरचा आवाजाचा आकडा सारखा वर चढायचा. "बाबा, तुमची घरघर येतेय त्यात. पाच मिनिटं गप्प बसता येत नाही?" "श्वास धरून रवतंय," ते म्हणाले, आणि खरंच धरला. बनियन घामाने चिंब झालं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आकडा लिहून मी म्हटलं, "झकास! आता दुसरा पंखा. परत धरा." चौथ्या वेळी त्यांना जमलं नाही. ते उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. जाताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी दार दोन्ही हातांनी हळूच लोटून घेतलं. आज मला सारखे ते हात दिसतात. त्या दुपारी मात्र, सुटलो एकदाचा, एवढंच वाटलं होतं.