ठमाबाईची जीभ

पंचवटीत भाजीबाजारामागच्या बोळात ठमाबाईची चिक्की मिळते. दुकान नाही, पाटी नाही. ओट्यावर काचेची एक बरणी असते, ती रिकामी दिसली की गिऱ्हाईक मुकाट्याने दुसऱ्या दिवशी येतं. शेंगदाण्याची चिक्की काय, कोणीही सोम्यागोम्या करतो. ठमाबाईची चिक्की गोडंबीची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या पोटातला पांढरा गर, बदामाला मागे सारील अशा चवीचा. पण बिब्ब्याच्या सालीत काळं तेल असतं. ते लागलं की अंगावर बिब्बा उततो. कातडी लाल होते, फोड येतात. आणि तेही लगेच नाही. एक-दोन दिवस जाऊ देतो, माणूस बेसावध झाला की उठतो.

यावर ठमाबाईचा एक नेम होता. नवा माल आला की पहिली मूठ आपण खायची, दोन दिवस थांबायचं, जिभेला काही झालं नाही तरच गुळाचा पाक चढवायचा. सुरगाण्याकडच्या माहेराहून आईने दिलेला नेम. चाळीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता आणि त्याचा तिला ताठाही होता. “माझी जीभ खोटं बोलत नाय,” असं ती गिऱ्हाइकाला सांगायची, आणि गिऱ्हाईकही डोळे मिटून चिक्की न्यायचं.

माल द्यायची भागुबाई. ठमाबाईच्या माहेरची, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. राखेत हात घोळवून एकेक बिब्बा दगडावर फोडायची, गर राखेत चोळायची, डाग दिसला तर दाणा फेकून द्यायची. दर थंडीत थैली घेऊन स्वतः जीपने यायची, दोन दिवस राहायची, ठमाबाईशी भांडून जायची.

यंदा ती आली नाही. सोमवारी जीपवाला सावळीराम एकटाच थैली घेऊन ओट्याशी उभा राहिला.

“भागुबाई कुठंय?”

“म्हातारीला दिसंना झालंय, मावशी. डोळ्यात फूल पडलं म्हणत्यात.”

“मग हे कोणी फोडलं?”

“तिनंच. तिची सून म्हनली मी फोडते, तर हात लावू दिला नाय. माझ्या बोटांला दिसतं म्हनं.”

ठमाबाई हसली. जित्याची खोड, मेल्याशिवाय थोडीच जाणार! पण थैलीची गाठ सोडताना तिचा हात क्षणभर थांबला. आत पांढरे, टपोरे दाणे. तिने मूठ भरली, तोंडात टाकली, बराच वेळ चघळली. चव नेहमीचीच होती.

या वर्षी घरात आणखी दोन हात कामाला होते. सून निकिता लग्नापासून अंबडच्या एका कंपनीत जायची. दिवाळीनंतर तिथलं काम सुटलं आणि ती सासूच्या हाताखाली आली. सिन्नरची मुलगी, गोडंबी तिने चिक्कीत खाल्लेली, कच्ची कधी हाताळलेली नव्हती. सोमवारी दुपारभर तिने दाणे निवडले, कपड्यावर चोळून त्यांची पातळ फोलं काढली.

मंगळवारी ती म्हणाली, “आई, बोटांच्या बेचक्यात खाज येतेय.”

“भांड्याचा साबण बदललास ना? तो लय तेज हाय.”

साबण खरंच बदलला होता. ठमाबाईने मात्र मोरीजवळ जाऊन आरशात आपली जीभ पाहिली, ओठ उलटून पाहिले. गुलाबी, स्वच्छ. भागुबाईचं न येणं मनातून जात नव्हतं. पण जीभ बोलली होती, आणि जिभेपुढे मनाचं ऐकायचं नाही, हा तर नेमच.

बुधवारी दोन दिवस पुरे झाले. तिने पाक चढवला. थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला, टण्‌ वाजला, तशी भाजलेली गोडंबी आत लोटली आणि तूप लावलेल्या पाटावर भराभर लाटलं. गरम असतानाच सुरी फिरवली. वड्या सुटून आल्या तेव्हा कोपऱ्यातली एक गायब होती.

“घरात उंदीर झालाय वाटतं,” ठमाबाई मोठ्याने म्हणाली. दाराआड नात आरोही खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी तिला आठवं वर्ष लागणार होतं, आणि वर्गात चॉकलेट नाही, आजीची चिक्कीच वाटायची असा तिचा हट्ट होता. एकतीस मुलं आणि योगिनी मॅडम. ठमाबाईने मोजून वड्या डब्यात भरल्या. असा मान आजवर कोणी तिच्या चिक्कीला दिला नव्हता. ती सुखावली होती.

गुरुवारी सकाळी आरोही डबा घेऊन शाळेत गेली. तासाभराने निकिता उठून बाहेर आली. रात्रभर डोकं दुखलं म्हणून ती पडून होती. ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं सूप तिथेच ठेवलं.

निकिताची डावी पापणी सुजून डोळा मिटला होता. बोटांच्या बेचक्यांत पाण्याने भरलेले फोड होते, ओळीने.

“आई, हा साबण नाही,” ती म्हणाली.

ठमाबाईला ते फोड ओळखीचे होते. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा बिब्बे फोडले तेव्हा तिच्याच बोटांवर असेच आले होते. ती रडली होती आणि आई खोबरं उगाळून लावता लावता म्हणाली होती, “पयल्या वर्साला उततो गं. मंग अंगाला सवं होती.”

अंगाला सवय होते. चाळीस वर्षं हे वाक्य कानात होतं आणि एकदाही तिने ते नीट ऐकलं नव्हतं. तिच्या अंगावर बिब्बा शेवटचा उतला त्याला किती वर्षं झाली? तिला आठवेना. जीभ खरं बोलत नव्हती. जीभ कधीच बोलायची थांबली होती. चांगला माल देत होती ती भागुबाईची नजर, आणि शाबासकी घेत होती हिची जीभ!

तिने उरलेली थैली ओट्यावर उन्हात उपडी केली. दाण्यांच्या खाचेत, टोकापाशी, मोहरीहून बारीक काळे ठिपके होते. सगळ्यांवर नाही. पाच-सहात एकावर.

निकिताला शेजारच्या चैतालीबरोबर दवाखान्यात धाडून ती रिक्षात बसली. “लवकर घे बाबा,” एवढंच ती म्हणत राहिली.

शाळेत मधली सुट्टी झाली होती. पोरं मैदानात धावत होती, कुणाच्या तोंडावर काही नव्हतं. तिला पाहताच चार-पाच जण धावत आले. “आरोहीची आजी! चिक्की एकदम भारी होती!” “आजी, अजून आहे?” एकाने तर बोटं चाटून दाखवली. ठमाबाईने त्याचा हात धरून खाली केला.

योगिनी मॅडम हसत पुढे आल्या. “आजी, एक वडी उरली नाही हो.”

तेवढ्यात आरोही मैत्रिणींमधून सुटून आली आणि आजीला बिलगली. ती मनगटाने सारखे ओठ पुसत होती.

“आजी, ओठांना काय लागलंय गं? सकाळपासून पुसतेय, जातच नाही.” मग आवाज बारीक करून, “काल ती कोपऱ्यातली मीच खाल्ली होती. उंदराने नाही.”

ठमाबाईने तिची हनुवटी वर केली. ओठांच्या कडेने लाल रेघ उठली होती. या पोरीने आजीवर विश्वास ठेवला, म्हणून सगळ्या वर्गाने ठेवला. ठमाबाईने नातीचा हात घट्ट धरला.

“मॅडम, सगळ्या पोरांच्या घरी फोन लावा. माझ्या चिक्कीत बिब्ब्याचं तेल गेलंय. माझी चूक हाय. डाक्टरला दाखवा म्हणावं.”

मॅडमनी मैदानाकडे पाहिलं. एकतीस मुलं ओरडत, धडपडत खेळत होती. “अहो, पण कुणालाच काही झालेलं दिसत नाही.”

“आज नाय दिसायचं,” ठमाबाई म्हणाली. “उद्या दिसंल.”